एंटर दाबायच्या आधी

आत्ताच लिहिणं भाग आहे.

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात सकाळपासून कॉम्प्युटरवर 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' येत होतं. आपल्या दुकानदारांच्या ग्रुपवर कन्नडच्या सचिनभाऊंनी त्यावर कमांड टाकलेली: अँटीव्हायरस बंद करा, काळ्या स्क्रीनवर ही ओळ पेस्ट करा, एंटर दाबा. खाली नुसते अंगठेच अंगठे.

दुपारी तसंच केलं. एंटर तेवढं राहिलं होतं. ओळ नीट वाचली, तर ती कुठल्यातरी अनोळखी साइटवरून काहीतरी उतरवून घेणार होती. आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या गल्लीचे आधार, सातबारे, लेकरांचे दाखले!

तशीच भाऊंना फोन लावला. "तुमच्याकडं चालली ना?"

"मी कुठं चालवली ताई? मला पण दुसऱ्या ग्रुपवरूनच आली. म्हटलं, तुमच्याकडं चालली की मग आपण चालवू."

लई संताप आला. सगळं बंद केलं, अँटीव्हायरस चालू केला.

मग आठवलं. सकाळी तीच ओळ मी अजिंठ्याच्या रेखाला पाठवली होती, 'भारी आहे, करून बघ' म्हणून. तिचंही असंच दुकान आहे. कधीची फोन लावतेय, उचलत नाय.

अजिंठ्यात आत्ता कुणी आहे का? पळत जाऊन तिला सांगा, एंटर दाबू नको.