स्वतःला शोधून दाखव

काल मी एका गेलेल्या बाईचं नाव ऑफिसच्या सिस्टीममध्ये टाकलं.

वंदनाताई. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ताई माझ्या पहिल्या बॉस. महापेला बारा जणांची आमची कंपनी होती. तुम्ही नेटवर काय बघता ते मधल्या कुणाला दिसू नये, एवढंच आमचं काम. सर्व्हर ताईंच्या ताब्यात.

नवीन माणूस आला की ताई त्याच्याशी एक खेळ खेळायच्या.

आठवडाभर आपलीच सर्व्हिस वापरायची. मग ताई सगळे पासवर्ड हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "मंगळवारी तू काय काय बघितलंस, शोधून दाखव. सापडलं तर नाक्यावरची मिसळ माझ्याकडून. नाही सापडलं तर सगळ्यांची तुझ्याकडून."

मी दोन दिवस डोकं आपटलं. काहीच सापडलं नाही. बारा मिसळ आणि वर पाव वेगळे.

"ताई, आपण एवढं पुसतो कशाला? ठेवलं तर काय बिघडतं?"

तेव्हा त्यांनी रूमची गोष्ट सांगितली.

मराठवाड्यातून पहिल्यांदा आल्या तेव्हा आईला घेऊन घणसोली गावात रूम शोधत होत्या. एका घरी सगळं जमलं. भाडं ठरलं, चावी टेबलावर आली. मग वही उघडली. नाव. गाव. आडनाव.

आडनाव सांगितलं आणि आतून आवाज आला, "अगो, ती रूम तं कालच दिली ना!"

असं चार घरी झालं.

पाचव्या घरी एक म्हातारी होती. तिने एकच विचारलं, "पानी सकालीच येतं, चालंल का?"

"तिने विचारलं नाही ना," ताई म्हणाल्या, "म्हणून मीच तिला पूर्ण नाव सांगितलं. वहीत रकाना असला की तो कुणीतरी वाचतंच. आज नाही तर उद्या."

पण ताईंना सगळी उत्तरं माहीत होती असंही नाही.

एकदा पोलीस आले. एका मुलीला कुणीतरी घाणेरडे मेसेज पाठवत होतं, आमच्या सर्व्हिसमधून.

"मॅडम, काय तरी असेल ना?"

"नाही साहेब. ठेवतच नाही."

त्या दिवशी ताईंनी डबा उघडला नाही. मी विचारलं, आपण चुकतोय का? "माहीत नाही रे," म्हणाल्या. मला ते उत्तर फार आवडलं होतं. अजून आवडतं.

मग सरकारचा नवा नियम आला. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, सर्व्हिस कशासाठी घेतली, सगळं पाच वर्षं जपून ठेवा. मालक म्हणाले, ठेवू की, त्यात काय. ताई म्हणाल्या, मग मशिनं देशाबाहेर हलवा, नाहीतर मी हलते.

मशिनं हलली. नेट हळू झालं, गिऱ्हाइकंही हलली. वर्षभरात कंपनीला कुलूप.

मी वाशीला एका इंटरनेट कंपनीत लागलो. घराचा हप्ता होता, तत्त्व वगैरे नंतर. तिथे कायद्याने नोंदी ठेवाव्याच लागतात आणि त्या सांभाळायचं काम माझ्याकडे.

ताई खदाखदा हसल्या. "मंग? वहीवाला झालास?"

आणि पुढच्या महिन्यात घरी आमचंच कनेक्शन घेतलं!

"ताई, तुम्ही? आमच्याकडे सगळं राहतं, माहितेय ना?"

"तुझ्या हातात आहे ना? मग टेन्शन नाही."

ताई गेल्या पोटाच्या आजाराने. कुणाला काही बोलल्या नाहीत. जायच्या महिनाभर आधी नेरूळला भेटलो होतो, अर्धी प्लेट तशीच ठेवली. "ॲसिडिटी," म्हणाल्या.

तेव्हा त्यांना माहीत होतं का?

वर्षभर हा एकच प्रश्न मला खातोय. परवा त्यांच्या आईंना भेटायला गेलो तर त्याही हेच म्हणाल्या. "तुला तरी बोलली व्हती का रे? मला काऊन नाही सांगितलं?"

माहीत नाही, म्हणालो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. कुठल्या हॉस्पिटलची साइट, कधीपासून. एवढं तर माझ्याकडे असणारच.

काल दुपारी सगळे जेवायला गेले आणि मी नाव टाकलं.

एक ओळ आली. नाव, पत्ता. आत जायचं तर आधी एक चौकट भरायची असते: कारण.

मी लिहिलं, 'आईंनी विचारलं'. पुसलं.

'आठवण येते' लिहिलं. तेही पुसलं.

ताईंनी आईला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. सांगायचं असतं तर त्या सांगत्या, त्या म्हातारीला सांगितलं तसं. मी चौकट रिकामीच ठेवून बंद केलं.

पण आमच्या सिस्टीममध्ये कोण कुणाला शोधतो, त्याचीही नोंद होते. संध्याकाळी उघडून बघितली. माझं नाव, वेळ, आणि पुढे ताईंचं नाव.

मॅनेजरला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "उघडलं नाहीस ना? मग कोण बघतंय?" मी म्हटलं, कुणीतरी बघतंच. लेखी दिलंय. नोकरीचं काय ते सोमवारी कळेल.

आईंना पुन्हा भेटेन. माझ्याकडे अजूनही तेच उत्तर आहे, माहीत नाही.

वर ताईंचं आडनाव लिहिलेलं नाही. ज्यांना त्यांनी स्वतः सांगितलं, त्यांना ते माहीत आहे.

ताई, मंगळवारी मी काय केलं ते शोधायला सांगायचात ना?

काल मंगळवार होता. मी सापडलो.

मिसळ राहिली तुमच्याकडे.