चांदसाहेबानं बघितलेला समुद्र

रहिमतपुरात चाळीस वर्षं गाद्या भरणारा आमचा चांदसाहेब पिंजारी जन्मात एकदा एकटा फिरायला गेला, तोही रत्नागिरीला. त्याच्या लेकीनं, अर्शियानं, समुद्रासमोरच्या लॉजवर खोली घेऊन दिली होती आणि बजावलं होतं, चार दिवस नुसता आराम करा. आराम! सगळ्या गावाला मऊ निजवून हा शहाणा स्वतः घोंगड्यावर झोपतो. याला आराम कळला असता तर रडायचं कशाला?

पहिल्याच दिवशी खोलीत शिरून गडी गादीवर टेकला आणि ताडकन उठला. हातानं दाबून बघितलं, तर आत गाठीच गाठी. झालं, समुद्र राहिला खिडकीबाहेर. यानं पिशवीतनं दाभण काढलं. फिरायला जाताना दाभण कोण नेतं, सांगा! गादी गच्चीवर नेऊन उसवली आणि काठीनं कापूस झोडपत बसला. लॉजचा मालक ओरडत वर आला, तर उलट त्यालाच म्हणाला, "आवं, यावर माणसं झोपवता व्हय? आमच्याकडं म्हसबी बसायची न्हाई."

संध्याकाळी गादी शिवून झाली. मालकानं ती दाबून बघितली आणि मुकाट्यानं शेजारच्या खोलीतली गादी आणून पुढं टाकली. या बहाद्दरानं तीही उसवली.

परतल्यावर मी विचारलं, "समुद्र तरी बघितलास का रं?"

"बघितला की, गच्चीवरनं," तो नाक मुरडून म्हणाला. "लय गाठी हायत गड्या. न पिंजताच भरलाय."