मीठ आहे, मीठ हाय, मीठ शे

एस.वाय.ला असताना मॅडम एका तासाला बोलीभाषा शिकवत होत्या. पुस्तकात एक ओळ होती, अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. सगळ्यांनी ती अधोरेखित केली, मीही केली. एरवी मी वर्गात तोंड उघडणाऱ्यांतली नव्हते, पण त्या दिवशी हात वर गेला.

“मॅडम, कुठपासून?”

“कुठपासून म्हणजे?”

“म्हणजे इथे नाशिकला आपण ‘आहे’ म्हणतो आणि सटाण्याला ‘शे’. मग एसटीत बसलं तर नेमक्या कोणत्या स्टॉपला ‘आहे’ संपतं?”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

शिक्षकांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. “एसटीत बसून बघतेस का? कॉलेजच्या संशोधन स्पर्धेला अजून वेळ आहे.”

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “संशोधन पीएच.डी.वाले करतात. तुझं आत्ता कुठे एफ.वाय. झालंय.” पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनीच एक जाड वही आणून टेबलावर ठेवली.

पहिल्या फेरीत मी दहा वाक्यांची यादी घेऊन निघाले. ओझरला उतरले, मग पिंपळगावला, मग वडाळीभोईला. प्रत्येक स्टँडवर एखाद्या बाईला गाठायचं, फोन पुढे धरायचा आणि म्हणायचं, “हे वाक्य तुमच्या भाषेत सांगा ना.” बाया पदर सावरायच्या, घसा खाकरायच्या आणि बातम्या वाचल्यासारखं बोलायच्या. मॅडमनी कानाला इअरफोन लावून सगळं ऐकलं.

“हे तर तुझंच मराठी आहे,” त्या म्हणाल्या. “भाषा विचारली की लोक शाळेतली भाषा देतात. त्यांना दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलू दे.”

दुसऱ्याच कशाबद्दल म्हणजे कशाबद्दल, यावर मी दोन दिवस घालवले. थंडीचे दिवस होते, स्टँडास्टँडवर पेरू विकणाऱ्या बायका बसलेल्या असायच्या. मला सुचलं की पेरू घ्यायचा आणि विचारायचं, “तिखट-मीठ आहे का?” उत्तरात क्रियापद येणारच! मी खूश होऊन मॅडमना सांगायला गेले.

“पण तू ‘आहे का’ विचारणार. मग समोरची ‘आहे’च म्हणणार ना? तिच्या तोंडात शब्द तूच घातलास.”

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शेवटी ठरलं की मी फक्त “मीठ?” एवढंच विचारायचं. एक शब्द, क्रियापद नाही.

पुढचे तीन रविवार मी बायकांच्या अर्ध्या तिकिटात त्या रस्त्याने जात-येत राहिले आणि पेरू खात राहिले. ओझरला “आहे ना”. पिंपळगावला एकीचं “आहे”, दुसरीचं “हाय की”. वडाळीभोईला “हाय, घे”. सोग्रस फाट्यावर तीन बायका एकाच ओळीत बसलेल्या, तिघींचं तीन तऱ्हेचं, त्यातली एक नुसती मान हलवणारी. मान हलवणारीचं काय लिहायचं? मी वहीत मान हलवणारी बाई काढली. प्रत्येक “मीठ?”नंतरचा तो एक क्षण मला अजून आठवतो. परीक्षेच्या निकालाचीसुद्धा मी इतकी वाट पाहिली नसेल.

देवळ्याला मात्र गोंधळ झाला. स्टँडबाहेर एक पन्नाशीची बाई टोपली घेऊन बसली होती. मी “मीठ?” म्हटलं. ती म्हणाली, “आहे ना ताई, टाकते.” म्हणजे ओझरचंच उत्तर. मी लिहिणार तेवढ्यात शेजारची बोरंवाली तिला म्हणाली, “मीठ शे का वं?” आणि ही बाई मान न वळवता म्हणाली, “शे ना, ले.” पेरू कापणारी सुरीसुद्धा थांबली नाही. एकच तोंड, एकच मीठ, मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही.

त्या दिवशी माझा फोन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात रेकॉर्डिंगला लावलेला होता. सगळं रेकॉर्ड झालं. मी घाईघाईने वहीत लिहायला लागले, तशी बोरंवाली म्हणाली, “हाई पोर काय लिखी राहिनी वं?” मी काय लिहितेय, हे तिने विचारलेलं मला कळलं. मी वही मिटली आणि समोर लागलेल्या गाडीत चढले.

मला वाटलं, मॅडम उड्या मारतील. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलंच नाही.

“तिला विचारलं होतंस?”

“विचारलं असतं तर ती नीट बोलली असती, मॅडम. म्हणजे खोटं नीट.”

“आधी सांगणं अवघड असेल. नंतर सांगता आलं असतं. तू पळून आलीस. परत जा. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाक.”

त्या रविवारी देवळ्यापर्यंतचा रस्ता मला फार लांब वाटला. बाई त्याच जागी होती. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग केलं, विचारलं नाही, चुकलं.

तिने हातातला पेरू पुसून टोपलीत ठेवला. “आमचं बोलणं चुकीचं आहे म्हणून लिहून घेतलं का?”

“नाही हो. कुठून कसं बदलतं ते शोधतेय.”

“कशाला?”

“माहीत नाही म्हणून,” मी म्हणाले.

“ऐकव मग.”

मी फोन तिच्या कानाला लावला. ती आधी लाजली, मग हसायला लागली. बोरंवालीला बोलावून तिलाही ऐकवलं. “मी असं बोलते? दोन्ही?” तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“पुसू का?” मी विचारलं.

“राहू दे. पण नाव लिहू नको.” मग तिलाच उत्सुकता लागली आणि तिने मला टोपलीमागे बसवून घेतलं. “तू चष्मेवाली, बॅगवाली, म्हणून तुला ‘आहे’. आता बघ, गाडी लागू दे.”

मी दुपारपर्यंत तिथे बसले. कंडक्टरला ‘हाय’. कांद्याच्या ट्रॅक्टरवरून उतरलेल्या बायकांना ‘शे’. बँकेतल्या बाईला ‘आहे’. गिऱ्हाईक रस्ता ओलांडत असतानाच ती माझ्याकडे बघून हळूच सांगायची, “हिले शे,” आणि खरंच तसंच व्हायचं. एकदा मात्र चुकली. साध्या लुगड्यातली एक म्हातारी आली, हिने “शे” म्हटलं आणि म्हातारी चक्क पुण्याचं बोलली. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. माझा पदर नव्हता, ओढणी होती.

स्पर्धेत मी सांगितलं की रस्त्यावर रेघ सापडली नाही. एका परीक्षकांनी विचारलं, “म्हणजे निष्कर्ष नाहीच?” मी म्हणाले, “आहे सर. गाव विचारून भागत नाही, कोण कोणाशी बोलतंय तेही विचारावं लागतं.” त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. बक्षीस मिळालं नाही. त्याचं वाईट वाटलं, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी माझी वही मागवून घेतली. सावकाश पानं उलटली, मान हलवणाऱ्या बाईच्या चित्रावर हसल्या आणि म्हणाल्या, “छान. आणि पुरुष काय म्हणतात?”

मी वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून चाळली. ऐंशी पानांत उत्तर देणारा एकही पुरुष नव्हता. स्टँडवर पेरूच्या गाड्या लावणारे पुरुषही होते, मी त्यांच्यासमोरून दर रविवारी गेले होते. मला बायकांशी बोलायला सोपं वाटलं म्हणून मी अर्धा जिल्हा ऐकलाच नव्हता, आणि ते मला इतके दिवस दिसलंही नव्हतं.