बंद न करायची भट्टी

भोसरीच्या एमआयडीसीत हनीफ शेख एकतीस वर्षं भट्टीवर आहेत. गिअर तापवून कडक करायचे, हे त्यांचं काम. पंप थांबला की आधी भट्टी बंद, मग चौकशी, असं ते प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी बजावतात.

गेल्या वर्षी मालक सोपानरावांनी वेगळीच ऑर्डर घेतली. एका प्रशिक्षण केंद्राला नव्या धर्तीच्या अणुभट्टीचं चालतं मॉडेल हवं होतं. आत युरेनियम नाही, विजेचे हीटर. त्यांच्याभोवती पंपाने फिरणारं वितळलेलं मीठ. खऱ्या अणुभट्टीत इंधन जास्त तापलं की त्यातलं युरेनियम जास्त न्यूट्रॉन गिळतं. विखंडनाला कमी उरतात आणि उष्णता आपोआप घटते. इंजिनिअर दिव्याने कॉम्प्युटरवरून हीटरना तसंच वागायला लावलं होतं.

चाचणीची अट साधी होती. ऑपरेटरने पंप बंद करायचा आणि सहाशे अंशांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ऑपरेटर म्हणून हनीफभाई उभे राहिले आणि पाचशे वीसलाच त्यांनी हीटर बंद करायचं लाल बटण दाबलं. चाचणी बाद. आठवड्याने आणखी एकदा, नाहीतर ऑर्डर रद्द, असं सांगून केंद्राचे परीक्षक निघून गेले.

"चाचा, दहा मिनिटं खिशात हात घालून उभं राहायचं होतं फक्त!" दिव्या म्हणाली.

"तुझा कॉम्प्युटर म्हणतो म्हणून? पोरी, मी सासऱ्याचंसुद्धा असं ऐकलं नाही."

"मग दुसरा माणूस उभा करू का, हनीफभाई?" सोपानरावांनी विचारलं.

"करा. पण आधी मला माझ्या मीटरवर बघू द्या."

हनीफभाईंनी स्वतःच्या मीटरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, हीटरला बांधला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत पंप बंद करून पाहू लागले. पहिल्या दिवशी पाचशे चाळीसला बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पाचशे पंचावन्नला, तिसऱ्या दिवशी सत्तरला. चौथ्या दिवशी दाबलं नाही. दुसऱ्या माणसाचा विषय सोपानरावांनी पुन्हा काढला नाही.

परीक्षकांसमोर पंप थांबला. पाचशे साठ. पाचशे ऐंशी. हीटरची वीज उतरत होती, तरी आकडा चढतच होता. हनीफभाई दिव्याच्या स्क्रीनकडे नाही, आपल्या मीटरकडे बघत होते. पाचशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. तापलेलं मीठ पंपाशिवायही सावकाश वर चढून उष्णता बाहेर नेत होतं.

परीक्षकांनी आणखी अर्धा तास वाट पाहिली आणि सही केली.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना," हनीफभाई म्हणाले. "साहेब, आता बंद केलं तर चालेल का?"