सामाईक उतारा

कापूरहोळच्या फाट्यावर चहा पीत होतो. टपरीवाल्यानं मोबाईल बिस्किटाच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर संसदेचं कामकाज चाललं होतं. एरवी मी असलं बघत नाही. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, एकमेकांवर ओरडणारी माणसं बघायची माझी हौस कधीच फिटलीय. पण एक खासदारबाई उभ्या राहून विचारत होत्या, की ज्यांना कोर्टानं जामीन दिलाय ती माणसंसुद्धा जेलात का पडून आहेत? जामीनदार मिळत नाही म्हणून? नवे कायदे केलेत ना, मग यांचं काय करणार? समोरून उत्तर आलं, की कच्च्या कैद्यांसाठी नव्या कायद्यात सोय केली आहे, पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की सोडता येतं. त्यावर बाकं वाजली, कोणीतरी ओरडलं, अध्यक्षांनी खाली बसायला सांगितलं.

माझ्याशेजारी आमच्या शेजारणीचा मुलगा बसला होता. मला पुण्याला डोळे दाखवायचे होते म्हणून तो आपल्या टेम्पोतून घेऊन गेला होता. आता परत हिर्डोशीकडं निघालो होतो. तो मोठ्यानं हसला.

"काका, हे तर माझंच बोलाय लागल्यात की!" मग टपरीवाल्याकडं वळून म्हणाला, "म्या बी आत हुतो, दादा. जामीन झालेला, पर जामीनदार न्हाई. हे आमचे काका. म्या आत असताना ह्यांनी आमची सगळी भाताची लावणी करून दिली. जामीन राहायला बी तयार हुते, पर जमिनीचा उतारा सामाईक पडला. न्हाईतर दुसऱ्या दिशी भाईर काढला असता मला."

टपरीवाल्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं आणि चहात आणखी थोडी साय घातली. मी पेला तसाच बाकावर ठेवला.

माझा उतारा सामाईक नव्हता. आज नाही आणि तेव्हाही नव्हता. ही गोष्ट मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही.

चार वर्षं झाली त्याला. याच रस्त्यावरच्या एका ढाब्यावर टेम्पो लावण्यावरून भांडण झालं, कोणाचं तरी डोकं फुटलं आणि पोलिसांनी पाच जणांना उचललं. त्यात हा एक. यानं मारलं का, तर तो म्हणतो नाही, फक्त सोडवायला गेलो. केस अजून चालूच आहे, तेव्हा देव जाणे. कोर्टानं पाचांनाही जामीन दिला. एक जामीनदार, त्याचा सातबारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला, एवढं आणा आणि माणूस न्या. चौघांचे भाऊबंद आठवड्यात कागद घेऊन आले. हा राहिला.

त्याची आई माझ्याकडं आली. तिचा नवरा माझ्याबरोबर शाळेत होता. तो गेल्यापासून मी तिला वैनी म्हणतो, ती मला भावजी. आमच्या डोंगरात जमिनीच्या उताऱ्यावर आठ-नऊ नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला आणि दोन-तीन स्मशानात. वैनींच्या उताऱ्यावर तर त्यांच्या आजेसासऱ्याचं नाव अजून कमी झालेलं नाही. असला उतारा कोर्टात कोण धरणार? गावात स्वतःच्या एकट्याच्या नावाचा उतारा असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यातला एक मी. चुलतभावाशी भांडून, हेलपाटे घालून, वाटप करून घेतलं होतं मी. त्याचा गाजावाजा केला नव्हता एवढंच.

वैनी ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या नुसत्या कागदाचं काम हाय. पोरगं पळून जाणारं न्हाई, तुमास्नी ठावं हाय."

मला ठाऊक होतं. शपथेवर सांगतो, पोरगा पळून जाईल असं मला एकदाही वाटलं नाही. पण पुण्याची एक पार्टी माझा वरचा पट्टा बघून गेली होती, बंगला बांधायला. कोर्टाचा शेरा उताऱ्यावर चढला तर ती बिचकेल, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "वैनी, मी एका पायावर तयार आहे हो. पण उतारा पडला सामाईक. चुलतभावाची सही लागेल आणि आमचं तर बोलणं बंद."

किती सहज निघालं तोंडातून! गाडीत पाय ठेवायला जागा असतानासुद्धा 'मागची येतेय, मागची येतेय' म्हणून मी माणसं खाली ठेवलीत, त्याच सुरात. शहरात असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. बाईनं बरं म्हटलं असतं आणि दुसरं दार बघितलं असतं. पण इथं कोणी तयार आहे म्हटलं, की त्याची अडचण आपली समजून निस्तरायची रीत. वैनी म्हणाल्या, "मग सही म्या आणते."

आणि गेल्या की! सकाळच्या गाडीनं भोर, तिथून पुढं चुलतभावाकडं. पुण्याच्या अलीकडं राहतो तो. मी दिवसभर ओट्यावरून वाटेकडं बघत बसलो. तो काही बोललाच तर आपलं काय? पोराचं काय, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. लाज वाटते लिहायला, पण नाही आला.

दिवस मावळताना वैनी परत आल्या. गावच्या फाट्यापासून चालत आलेल्या, पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल. मी ओट्यावरूनच विचारलं, "झाली भेट?"

"न्हाई. दाराला कुलूप हुतं," एवढंच म्हणून त्या घरात गेल्या.

सुटलो रे बाबा, असं वाटलं मला. आणि मग रात्री जेवताना समोर भात आला आणि खाववेना. वैनींच्या वाफ्यातली रोपं लावणीला आली होती. पोरगा आत, गडी मिळत नाही, आणखी आठ दिवस गेले तर रोपं पिकून वाया जाणार. दुसऱ्या दिवशी मी पॉवर टिलर घेऊन त्यांच्या बांधावर उभा राहिलो. म्हणालो, "वैनी, लावणीची काळजी सोडा. माझ्याकडं लागलं."

त्यांनी एकदा टिलरकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "या."

चिखलणी केली, बायका गोळा केल्या, चार दिवस मी स्वतः वाकून रोपं लावली. कंबर मोडली. गावात नाव झालं माझं. देवळात भेटेल तो म्हणायचा, शेजारी असावा तर असा. मी आपला "अहो, त्यात काय" म्हणत मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, विनय. कसला डोंबलाचा विनय!

पोरगा नवरात्रानंतर सुटला. कोर्टातल्या मोफत मदतीच्या वकिलानं अर्ज दिला आणि न्यायाधीशांनी त्याला त्याच्या स्वतःच्या सहीवर सोडलं. एका सहीचंच काम होतं. पण तोवर दिवाळीनंतर ठरलेलं त्याचं लग्न मोडलं होतं. जेलातला मुलगा नको म्हणाली ती माणसं. आज तो चौतिशीला आलाय आणि घरात वैनी एकट्याच भाकरी थापतात. माझ्या पट्ट्याचं म्हणाल तर त्या पार्टीनं दुसरीकडंच जागा घेतली. मला कळवलंसुद्धा नाही.

असा हा मी, आणि तो मला फाट्यावर देव करून सांगत होता. टेम्पोत बसल्यावर त्यानं माझ्या बाजूची काच वर केली, डोळ्यात औषध घातलंय, वारा लागू नये म्हणून. भोर ओलांडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं. तोंड उघडून सांगावं असं चारदा वाटलं. चारदा खोकलो फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाडं घेऊन गेल्यावर मी वैनींकडं गेलो. त्या अंगणात सुपात नाचणी पाखडत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं. "वैनी, माझा उतारा सामाईक नव्हता. एकट्याच्या नावावर होता. मी खोटं बोललो. तुमच्या पोराचे ते दिवस माझ्यामुळं गेले. त्याचं लग्न माझ्यामुळं मोडलं."

सूप थांबलं नाही.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"कुलूप कुठलं वो? तुमचा भाऊ घरीच हुता. च्या दिला त्यानं. म्हनला, वैनी, आमची वाटणी कवाच झाली, त्याला माझी सही कशाला पायजे?"

"मग तुम्ही बोलला का नाही? माझ्या तोंडावर थुंकला का नाही?"

वैनींनी सूप खाली ठेवलं. "यीस्तवर वाटंनं त्येच ठरवून आले हुते. गावासमोर बोलनार हुते. पर बांधावरनं येताना रोपं बघितली. म्हनलं, आत्ता ह्या मानसाला बोलले तर त्यो तोंड लपवून बसंल. गप ऱ्हायले तर उद्या टिलर घेऊन यील. आन तुमी आला. पोरगं तर गेलंच हुतं, भावजी. भात तरी घरात यायला नगं का?"

मला रडू फुटलं. एवढा मोठा बाप्या, परक्या अंगणात. वैनींनी समजूत घातली नाही, पाणीही विचारलं नाही. बरोबरच केलं.

डोळे पुसून मी म्हणालो, "तो आला की त्याच्या पाया पडतो. सगळं सांगतो."

"न्हाई सांगायचं," त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "आतनं आला तवा म्हनत हुता, जगात आपलं कुणी न्हाई. मग लावणीचं कळलं आन जरा मानसात आला. त्या एका गोष्टीवर उभा हाय त्यो. तुमचं मन हलकं करायला माझं पोरगं पाडनार व्हय? ते तुमचं वझं हाय. तुमीच वागवा."

त्यांनी सूप परत उचललं. मी उठलो आणि घरी आलो.

आठवड्यानं डोळ्यांच्या तपासणीला पुन्हा जायचं होतं. मी एसटीनं जाणार होतो, मुद्दाम लवकर निघालो. पण गावच्या फाट्यावर पोहोचलो तर टेम्पो उभाच. पुढं एक पाहुणा बसला होता, त्याला यानं मागं पाठवलं. फडक्यानं सीट पुसली, दार उघडलं.

"बसा काका. तुमची जागा हाय ही."

अठ्ठावीस वर्षांत मी एकाही फुकट्याला गाडीत बसू दिलं नव्हतं. बसलो.