पांढरी पाणकोंबडी आणि सुमनची बहीण

सुमन गेली त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी विचारलं, "काय खावंसं वाटतं?" ती म्हणाली, "तळ्यावर नेता का?" मी म्हणालो, "आधी नीट हो." झालं... न्यायला पाहिजे होतं.

आमच्या शहरातल्या दिल्ली गेटजवळच्या तळ्यावर आम्ही नवराबायको रोज सकाळी जायचो. मी गवंडी, दुसरीत शाळा सोडलेला. ती सातवी शिकलेली. नातीच्या पुस्तकात तिला एक पांढरी पाणकोंबडी दिसली आणि बाई तिच्या मागंच लागली. लांब समुद्रातल्या एका बेटावरचा पक्षी. माणूस कधी बघितलाच नव्हता, म्हणून पळायचा नाय. जहाजावरच्या लोकांनी काठ्यांनी मारून खाल्ला, संपवला. आता म्हणे दोन कातडी तेवढी उरलीत. आमच्या तळ्यात तिची नातलग आहे, जांभळी पाणकोंबडी. तशीच लाल चोच, तसेच लांब पाय. पण जरा चाहूल लागली की गवतात पसार. मी म्हणायचो, "एक गेली, दुसरी आहे की. काय फरक पडला?" सुमन लई चिडायची. "अवो, नात्यातली आहे म्हणून ही ती होती का? तुमचं आपलं, वीट फुटली, दुसरी लावा!"

बायको नवऱ्याआधी गेली की तेराव्याला सवाष्ण जेवू घालून तिला साडी द्यायची, अशी आमच्यात रीत. मी सुमनचीच हिरवी साडी काढली. सवाष्ण म्हणून पाचोडहून तिची धाकटी बहीण रत्ना आली. चेहरा तोच, चालही तीच. जेवणं झाल्यावर ती साडी नेसून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी ओरडलो, "सुमे, चहा टाक!"

रत्ना वळली. "दाजी, वरडता कशाला? मला येतं ऐकू..."

सुमनला कमी ऐकू यायचं. सगळा संसार मी वरडूनच केला. गल्लीला वाटायचं, भांडतोय. रत्ना चार दिवस राहिली, भाजीसुद्धा तशीच केली. लोक म्हणाले, "हुबेहूब सुमनच." मी म्हणालो, "नाय."

आता तळ्यावर जात नाय. घरात एकटाच बोलतो, तेही मोठ्यानं. शेजारी भिंत ठोकतात, "आबा, हळू!" कसं बोलू हळू? तिला ऐकू जायचं नाय.