पालखीच्या वाटेवरचं घर

लालासाहेब हवालदारांच्या घराला सज्जा आहे. माडीच्या दारापुढं, रस्त्याच्या अंगाला काढलेला, सागवानी, नक्षीच्या कठड्याचा. तासगाव सोडून वडूजच्या वाटेला लागलात तर एवढा देखणा सज्जा मधल्या कुठल्याच गावात दिसायचा नाही. त्यात आजवर मिरच्यांखेरीज कुणी बसलेलं नाही. मिरच्या मात्र फार सुखात असतात. ऊन, वारा, शिवाय रस्ता दिसतो.

लालासाहेब माझे चुलतभाऊ. भावकीतले, पण वयानं बरेच मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. लढाई पेटायच्या आधीच ते पलटणीत गेले होते. इटलीपर्यंत जाऊन, लढाई संपल्यावर हवालदार होऊन परत आले. गावात पलटणीतनं आलेली माणसं पुष्कळ. कुणी ट्रंक आणली, कुणी घोंगड्याहून जाड कांबळी आणली, कुणी हिंदीत शिव्या आणल्या. दादांनी एक कल्पना आणली, आणि तिचाच पुढं ताप झाला.

"तिकडं भिंतीला खिडक्या असत्यात," ते पारावर सांगायचे. "रस्त्याच्या अंगाला. बाया कोपर टेकून हुब्या ऱ्हात्यात. पलटण चालली तर पलटण बघत्यात, गाढाव चाललं तर गाढाव."

"आन् भाकरी कोण करतं?" भूपाल शेटजींनी विचारलं. भूपाल म्हणजे आमच्या गावचे भुसारी दुकानदार. जैन माणूस, आवाज कधी चढायचा नाही. पण प्रश्न असा टाकायचे की समोरच्याला तंबाखू मळायला वेळ लागावा.

आमच्याकडं भिंतीला भोक पाडणं म्हणजे चोराला आवतण. घरं सगळी मातीची, धाब्याची. बाहेरून बघितलं तर गावात कुणी राहतं की नाही असा संशय यावा. एक दार, आत सोपा, मग मधलं दार, आणि त्याच्या मागं बायका. भावकीच्या थोरल्या घरात सहा चुली आणि उजेडाला धाब्यात पाडलेलं एक भोक, सवणं. त्या घरात राहीवैनी नांदत होत्या. राहीवैनी म्हणजे दादांची बायको.

वैनींचं माहेर वडूजकडं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तिथल्या देवाची पालखी बघितलेली. लग्न होऊन आमच्या गावी आल्या आणि ते बघणं संपलं. आमच्या भैरोबाची पालखी चैत्रात निघते. छबिना, हलगी, शिंग, लेझीम, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण. पंचक्रोशीतली माणसं गाड्या जुंपून बघायला येतात. फक्त आमच्या भावकीच्या सुना त्या दिवशी रस्त्यावर येत नाहीत. कुणी घातलेली रीत आहे ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. सुना मधल्या दाराआड बसतात आणि ऐकतात. वैनींना ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. शिंग वाजलं की पालखी वेशीत, हलगी दुडकी झाली की चावडीपाशी, लेझीम थांबली की भूपाल शेटजी गूळपाणी वाटताहेत.

"गाव मला असं दिसतं जसं आंधळ्याला," त्या एकदा दादांना म्हणाल्या. दादा तेव्हा रजेवर आले होते. रजा संपत आली की माणूस जरा हळवा होतो. ते म्हणाले, "लढाई संपू दे. पालखीच्या वाटंवर घर बांधतो. तुझ्या घरातनं तू पालखी बघशील. फौजी जबान हाय."

आता फौजी जबान म्हटल्यावर घर बांधणं आलं.

चावडीच्या खाली, पालखीच्या वाटेवर दादांनी जागा घेतली. पाया खणला. पण ते दिवस कंट्रोलचे. लोखंडाला परमिट, सिमेंटाला परमिट. परमिट हातात पडलं तेव्हा लोखंड नव्हतं, आणि लोखंड आलं तेव्हा परमिटाची मुदत सरली होती. दादा तालुक्याला इतके खेटे घालायचे की तालुक्याच्या खाजगी मोटारीचा (एस.टी. तेव्हा सुरू व्हायची होती) ड्रायव्हर त्यांची जागा धरून ठेवू लागला. शेवटी दादांनी सिमेंटाचा नाद सोडला. दगड, वीट, चुना आणि वर मंगळुरी कौलं असं ठरलं. माडी काढली. आणि माडीला सज्जा.

सज्ज्याचं काम अर्जुना सुताराकडं होतं. त्यानं उभ्या जन्मात नांगर, बैलगाड्या आणि पाळणे केलेले. तो कागदावरचं चित्र उलटसुलट करून बघत म्हणाला, "हवालदार, ह्ये नेमकं कशापायी?"

"हुबं ऱ्हाऊन बघायला."

"काय बघायला?"

"रस्ता."

"रस्ता खालनंबी दिसतोय की." पण त्यानं सज्जा केला. कठडा केला तो पाळण्याचा, कारण त्याला तोच येत होता. बघणाऱ्याला वाटावं, यात कुणाला तरी निजवायचं आहे.

अख्खा हिवाळा सज्जा चढत होता. अख्खा गाव येऊन, माना वर करून, बघून जात होता. आमचे नाथाजीआबा रोज यायचे. आबा म्हणजे भावकीतले थोरले. पालखीपुढं चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालण्याचा मान त्यांचा. रीतभात त्यांना विचारल्याशिवाय गावात कुणी जावळसुद्धा काढत नाही. रोज यायचे, दगडावर बसायचे, अर्जुनाची तंबाखू खायचे आणि "झ्याक हाय" म्हणून जायचे.

चैत्र आला. घरभरणी झाली. पालखीच्या आदल्या दिवशी दादांनी सज्ज्यात सतरंजी अंथरली. नाथाजीआबा खालून म्हणाले, "लाला, सतरंजी कुणासाठी?"

"राहीसाठी. पालखी बघंल."

"वरनं?"

"व्हय. वरनं."

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मग एखाद्याला ताप आलाय हे सांगावं तसं मऊ आवाजात म्हणाले, "देवाच्या डोस्क्यावर कुणी बसत न्हाई, लाला. पालखी खालनं चालली आन् माणूस वर, हे चालत न्हाई."

दादांचा चेहरा मी बघितला. इटलीत त्यांच्यावर तोफा चालल्या होत्या. तेव्हाही तो असा झाला नसेल. "आबा," ते म्हणाले, "तुमी रोज येत हुतासा. सज्जा चढताना बघत हुतासा. तवा का न्हाई बोलला?"

"तू इचारलं कुठं? मला वाटलं, मिरच्या वाळवायला करतोयास."

यात आबांचंही फार चुकलं असं म्हणता येत नाही. पालखीच्या वाटेवर आजवर माडीच नव्हती. धाब्यावर त्या दिवशी कुणी चढत नव्हतं, पण का चढत नाही हे कुणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. दादा पोरवयापासून पालखीबरोबर नाचत रस्त्यावरच असायचे; वर बघायचं त्यांना कारणच पडलं नाही.

"चावडीपुढच्या लिंबावर पोरं चढत्यात ती?" दादांनी शेवटचा बार टाकला.

"ती वानरं हायती," आबा म्हणाले. "वानराला रीत नसती."

सतरंजी गुंडाळली. वैनी मधल्या दाराआड बसल्या. आणि तिथं दुसरीच पंचाईत झाली. जुन्या घराच्या सवण्यातनं सगळं ऐकू यायचं. हे घर दगडाचं, भिंती हातभर जाड, दारं घट्ट. पालखी दारावरून गेली आणि वैनींना शिंग तेवढं ऐकू आलं, तेही उसाच्या रानात कुणी हाळी द्यावी तसं. दादा गुलालानं माखून आत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "गेली व्हय? मला वाटलं, अजून चावडीपाशीच हाय."

दादा दोन दिवस धड जेवले नाहीत. भूपाल शेटजी समजूत काढायला आले. "हवालदार, सज्जा खाली आणायला किती खर्च येईल?" असं विचारून गेले. ही त्यांची समजूत काढण्याची रीत.

पण हवालदार माणूस एका माघारीनं खचत नाही. दिवाळीनंतर दादांनी खालच्या भिंतीला खिडकी पाडायची ठरवली. जिवंत भिंत फोडायची म्हणून गवंडी कुरकुरला, चोराच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली, पण या वेळी दादा आधी आबांकडं गेले. जमिनीपासून खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत काठी धरून दाखवली. पालखी खांद्यावर, खिडकी खांद्याखाली.

"ह्ये चालंल," आबा म्हणाले. "आतनं, खालनं, सून घरात. काय अडचण न्हाई."

झालं होतं. इथं दादांनी घरी यायला हवं होतं. खिडकी ठरली होती, परवानगी मिळाली होती, चैत्राला तीन महिने होते. पण पालखी आमच्या वाटेवर पळत जाते. लेझीमवाल्यांच्या मागं रेटा असतो. दादांच्या मनात आलं, एवढ्यासाठी भिंत फोडायची आणि हिनं डोळं मिटून उघडेस्तवर पालखी पुढं गेली तर? ते दारातनं परत फिरले.

"आबा, पालखी जरा आमच्या दारात थांबवता यील का? घटकाभर?"

आबांचे डोळे भरून आले. भावकीतला माणूस आपण होऊन मान मागतोय. "का न्हाई यायची? आरं, तुझ्या आज्याच्या दारात थांबत हुती. बंद पडलं ते पडलं. तू धर पुन्हा."

दादा उड्या मारत घरी आले. मला म्हणाले, "आता निवांत बघंल. घटकाभर." मलाही ते बरोबर वाटलं. त्या वर्षी पालखीच्या मागच्या दांडीला मी खांदा देणार होतो. मला तेवढाच विसावा.

ज्याच्या दारात पालखी थांबते त्या घरच्या लक्ष्मीनं भोयांच्या पायांवर पाणी घालायचं असतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गावातल्या इतर तीन दारांत ते दर वर्षी होतं. पण मानाचा आणि खिडकीचा विचार आम्ही दोन वेगळ्या डोक्यांनी केला. त्या दोन डोक्यांची गाठ पालखीच्या सकाळी पडली, जेव्हा चंद्राबाई, म्हणजे नाथाजीआबांच्या कारभारीण, तांब्याची कळशी घासून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "राही, हिरवं लुगडं नेस. पदर नाकापर्यंत घे. पालखी दारातनं हलेस्तवर मान वर करायची न्हाई बघ."

"मग मी खिडकीतनं..." वैनी म्हणाल्या.

"तू भाईर असनार. खिडकीत आमी बसतो. जागा वाया कशाला घालवायची?"

दादा आबांकडं धावले. मान पुढच्या वर्षीपासून धरतो म्हणाले. आबांनी काठीची मूठ पुसत सांगितलं, "देवाला जबान दिल्यास. आन् तू तर फौजी."

संध्याकाळी पालखी आली. दादांच्या दारात थांबली. पुढच्या दांडीला भावकीतला गुंडा आणि अर्जुना सुतार होते, मागं मी. मी खांद्यावरून बघितलं: खिडकीत चंद्राबाई, लीलाबाई, रंगुबाई, सगळ्या थोरल्या घरच्या सुना एकमेकींच्या खांद्यावर हनुवट्या टेकून. डोळे असे, जसे पहिल्यांदाच उघडलेले. आणि खाली, आमच्या पायांशी, हिरव्या लुगड्याचा एक वाकलेला गठ्ठा. पाणी गार होतं. खोबऱ्याचे तुकडे वैनींच्या पाठीवर पडत होते. दादा उंबऱ्याशी सावधानमध्ये उभे होते आणि पालखीकडं न बघता त्या पाठीकडं बघत होते. मग शिंग वाजलं, मागचा रेटा आला आणि आम्ही हललो. वैनींनी मान वर केली तेव्हा आम्ही शेटजींच्या दुकानापुढं वळलो होतो.

पालखी देवळात पोचवून मी परत आलो. सोप्यात दादा बसले होते. फेटा मांडीवर. वैनी पाठीवरचा गुलाल झटकत होत्या.

"बघितलीस?" दादांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"बघितली की," वैनी म्हणाल्या. "गुंडाभावजींच्या टाचंला भेग पडलीया, राळ आन् तेल लावा म्हनावं. सुताराच्या अर्जुनाचा आंगठा ठेचलाय, काळा झालाय. नाथाजीमामंजी डावा पाय वडत्यात, कुनाला सांगत न्हाईत." मग माझ्याकडं वळून, "आन् मागच्या भावजींनी देवाला खांदा द्यायचा म्हनून तरी नखं काढायची हुती."

मी पाय मागं घेतले.

"आन् देव?" दादा म्हणाले.

"देवाला पाय नव्हतं."

दादा फेट्याची घडी घालू लागले. आतनं बायकांचा कलकलाट येत होता. खिडकी सोडायला अजून कुणी तयार नव्हतं. घेतलेला मान परत देता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या चैत्राला वैनी पुन्हा बाहेर, आणि भावकी पुन्हा आत. घर दादांचं, दगड दादांचा, फोडलेली भिंतही दादांचीच.

वैनींनी कळशी पालथी घातली आणि खिडकीशी जाऊन चंद्राबाईंच्या शेजारी टेकल्या. रस्त्यावर आता गुलाल आणि दोन कुत्री होती.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "औंदा पालखीतल्या गादीचं कापड कंच्या रंगाचं हुतं?"

"मोरपंखी," चंद्राबाई म्हणाल्या, आणि अगदी वेशीपासून सांगायला लागल्या. वैनी मान खाली घालून ऐकत राहिल्या.